गळा पाहणारे सर

आमचे सर माणसाच्या तोंडाकडं पाहून बोलत नसत. गळ्याकडं पाहून बोलत.

म्हणजे तुम्ही समोर उभे राहून सांगता, "सर, उद्या येत नाही, मावशीच्या घरी लग्न आहे," आणि सरांची नजर तुमच्या हनुवटीच्या चार बोटं खाली अडकलेली. ऐकतात सगळं. "मावशी सख्खी का चुलत?" असं विचारतातसुद्धा. पण डोळे गळ्यावरून हलत नाहीत. नवीन माणसाला वाटे आपल्या शर्टाचं बटन तुटलं. पोरी ओढण्या वर ओढत. आठवडी बाजारात भाजीवाल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत, "आला व, गर्दन मास्तर आला."

अकरावीत पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "सगळे पाण्याच्या बाटल्या काढा. मान वर करा. एक घोट तोंडात घ्या. मी म्हणीन तेव्हा गिळा." अख्खा वर्ग कोंबड्यासारखा मान वर करून बसला. सर बाकांच्या मधून फिरून राहिले, वाकून वाकून प्रत्येकाचा गळा पाहून राहिले. "गिळ. हं. गिळ. हं." मागच्या बाकावर एकाला हसू आलं आणि पाणी नाकातून बाहेर! सर त्याच्यावर रागावले नाहीत. रुमाल देऊन म्हणाले, "गळ्यात इथं फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. थायरॉइड. ते सुजली का पाणी गिळताना गाठ वर-खाली होताना दिसते. मले तेवढंच पाहायचं आहे. बाकी तुमच्या सुंदरतेत मले काही इंटरेस्ट नाही."

त्यांच्या स्वतःच्या शर्टाची वरची दोन बटनं कायम उघडी. डिसेंबरच्या थंडीतही. हेडमास्तरांनी एकदा टोकलं तर म्हणाले, "दुसऱ्याचा गळा पाहणाऱ्यानं आपला झाकू नये, सर."

गोरेगाव तालुक्यातली आमची शाळा, चहूबाजूनं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची वावरं, आणि त्यात हा माणूस हार्मोन, हार्मोन करत जुन्या मोपेडवर फिरणारा. आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. प्रत्येकाला एक ग्रंथी वाटून दिली होती. मागं झोपणारा पोट्टा 'पिनिअल', कारण झोपेचं हार्मोन तिथं बनते. मारामारीवाला 'अॅड्रिनल'. मिठाईच्या दुकानवाल्याची पोरगी 'स्वादुपिंड'. हजेरी घेताना "स्वादुपिंड?" "हजर सर!" असं चालायचं. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, शाळा आहे का खाटकाचं दुकान.

मी पिट्युटरी. "लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढी," सर म्हणायचे, "आणि साऱ्या गावावर हुकूम चालवते." मी उंचीनं कमी आणि आवाजानं जास्त, त्यामुळं कोणी हरकत घेतली नाही. मी तर घरी येऊन सांगितलं, "माय, मी साऱ्या ग्रंथींची मालकीण आहे!" माय म्हणाली, "भांडे घास मंग मालकीणबाई."

हार्मोन काय असते हे मला आजपण त्यांच्या चिठ्ठीवरूनच आठवते. एक दिवस सरांनी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली, वर नाव टाकलं आणि पहिल्या बाकावर दिली. "हातोहात जाऊ द्या. ज्याचं नाव असन त्यानंच उघडायची." चिठ्ठी साऱ्या वर्गात फिरली. सगळ्यांच्या हातातून गेली, कोणी काही करू शकलं नाही. शेवटी पिनिअलकडं पोचली. त्यानं उघडली, वाचली, उठला आणि खिडकी उघडली. वारा आला.

"बस," सर म्हणाले. "एवढंच असते हार्मोन. चिठ्ठी होय ते. रक्त तिले साऱ्याच्या दारावरून नेते, पण ज्याच्या नावानं आहे तोच उठते."

मग स्वादुपिंड म्हणाली, "सर, माझ्या आजोबाले शुगर आहे. त्याची चिठ्ठी कुठं गेली?"

सर खूश! सर प्रश्नावर असे खूश व्हायचे जसं कोणी पेढे दिले. "दोन भानगडी असतात. काही लेकरांच्या शरीरात इन्सुलिनची चिठ्ठी लिहिणारेच मरून जातात. मंग चिठ्ठी बाहेरून द्यावी लागते, सुईनं. ते बंद केली का लेकरू जाते. आणि तुह्या आजोबासारख्या मोठ्या माणसात बहुतेक वेळा चिठ्ठी येते, पण हा पिनिअल वाचून वाचून कंटाळला. दहादा चिठ्ठी गेली तर एकदा उठते. साखर दाराबाहेरच उभी राहते बिचारी." पिनिअल म्हणाला, "सर, मी काऊन दरवेळी?" सर म्हणाले, "कारण तू उठत नाहीस बापू."

पाळीचा धडापण त्यांनी याच आवाजात शिकवला. ना आवाज खाली, ना पोरांना बाहेर काढणं. कोणाची चार-चार महिने येत नसेल, तोंडावर केस येत असतील, तर लाजायचं नाही, डॉक्टरकडं जायचं, हार्मोनचा हिशेब बिघडला असू शकते. एका पालकानं तक्रार केली. सर त्याच्या गळ्याकडं पाहून म्हणाले, "भाऊ, पाळी हा धडा होय, भानगड नोहे. आणि तुम्ही जरा पाणी पिऊन दाखवा बरं." तो माणूस परत शाळेत आला नाही.

आणि हो, अस्वल! अस्वलाचं सांगायलाच पाहिजे! देवरीकडं सहल गेली होती आमची, मोहफुलांचे दिवस. सर झाडाखाली उभं राहून पानाचं काही तरी दाखवून राहिले आणि मागच्या झुडपातून अस्वल निघालं. दूर होतं तसं, ते बिचारं मोह खाऊन राहिलं होतं. पण आम्ही जे पळालो! सगळ्यांच्या पुढं कोण? सर. चप्पल हातात, पँट गुडघ्यापर्यंत, आणि पळता पळता ओरडून राहिले, "हेच! हेच अॅड्रिनलिन! तोंड कोरडं पडलं का? छाती धडधडते का? लक्षात ठेवा, परीक्षेत येते!" बसजवळ पोचल्यावर त्यांनी स्वतःची नाडी धरली, घड्याळ पाहिलं, आणि आम्हाला रांगेत उभं करून एकमेकांची नाडी मोजायला लावली. ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडला होता.

आता मायचं सांगते. नाहीतर मी सरांच्या गमतीच लिहीत बसीन.

माझी माय गावात दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. हात आणि गळा. रोवणीत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायचं काम असते त्यात, बायांची ओळ लागते. ओळीत कडेची जागा सगळ्यात फास्ट बाईची. तिच्या मागं बाकीच्या सरकतात. गाणंपण तीच उचलते, बाकीच्या झेलतात. ती जागा मायची होती, माझ्या जन्माच्या आधीपासून. बाबांचं काम गावच्या तलावाचं पाणी सोडायचं. तलावाच्या पाळीत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीत, खाली पाणी सोडायचं तोंड असते, त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. त्याचं बूच आजोबांच्या हातातून बाबांच्या हातात आलं. मायचं गाणं शेपटाच्या बांधीतून, म्हणजे अगदी शेवटच्या वावरातून, पाळीवर ऐकू यायचं. बाबा म्हणायचे, "मले घड्याळ कायले लागते? तुही माय थांबली का जेवनाची टाइम झाली."

तर मी अकरावीत असताना तो गळा घोगरा झाला. हळूहळू झाला, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी वाटलं सर्दी आहे. मग माय जाडी झाली, तोंड सुजल्यासारखं, केस कंगव्यात गुच्छे गुच्छे. कुठंपण बसली का झोपायची. आणि थंडी! मे महिन्यात, आमच्या गोंदियाच्या मे महिन्यात, जिथं कुत्रेपण नालीत जाऊन बसतात, तिथं माय स्वेटर घालून फिरायची. शेजारची काकू, जी रोवणीच्या बायांची टोळी चालवायची, ती म्हणायची, "शहरातली बाई झाली व तू. एसी लागून रायली का तुले?" माय हसायची. पण हसायचापण आवाज निघत नव्हता.

त्याच मे महिन्यात आम्ही तिघं गोरेगावच्या बाजारात गेलो. बाबा बैलासाठी दावं पाहून राहिले होते. समोरून सर. त्यांनी आधी स्वेटर पाहिला. मग गळा पाहिला. मग थैलीतून पाण्याची बाटली काढली.

"ताई, एक घोट घ्या."

माय बावरली. "तहान नाई जी मले."

"नसू द्या. फक्त गिळून दाखवा."

बाबा दावं खाली ठेवून वळले. "काऊन मास्तर? भर बाजारात माह्या बायकोले पानी पाजून काय पाहून रायले?"

"गळा," सर म्हणाले. खरं तेच बोलले.

"गळा?"

मी मध्ये पडली. "बाबा, हे आमचे सर आहेत! ते सगळ्याच बायांचा पाहतात!" याच्यानं बाबा शांत होतील असं मला काऊन वाटलं देव जाणे. बाबांचा हात वर गेला.

सर जागचे हलले नाहीत. "भाऊ, मारा मले, पण नंतर. आधी एक सांगा. ताईचा आवाज पयले असाच होता?"

बाबांचा हात वरच राहिला. ते मायकडं पाहून राहिले.  मग हात आपोआप खाली आला. "नाई," ते म्हणाले. "असा नोहता."

सरांनी तिथंच दावेवाल्याच्या पाटीवर कागद ठेवून लिहून दिलं. "मी डाक्टर नोहो. मी फक्त गळे पाहतो. दवाखान्यात जा, हे रक्त तपासायले सांगा. टीएसएच म्हनतात त्याले. उद्याच जा."

आम्ही गेलो. गोंदियातल्या एका लॅबमधून रिपोर्ट घेतला. काउंटरवरचा भाऊ कागदाकडं पाहून म्हणाला, "थायरॉइड बढ़ा हुआ है माताजी का. काफी बढ़ा हुआ है." डॉक्टरांकडं बाहेर व्हरांड्यापर्यंत लाइन. त्यांनी गोळी लिहिली, रोज एक, सकाळी उपाशीपोटी, काही आठवड्यांनी परत दाखवा. झालं. बाहेर.

आठ-दहा दिवस मायनं गोळी घेतली. चहासोबत घेतली, कारण उपाशीपोटी म्हणजे चहा चालते असं आमच्याकडं सगळ्यांनाच वाटते. फरक काही दिसला नाही. आणि बाबांच्या डोक्यात ते एक वाक्य बसलं होतं. बढ़ा हुआ है. एक दिवस त्यांनी गोळ्यांची पट्टी उचलून वर फळीवर ठेवून दिली.

"वाढला आहे म्हनते ना थो? वाढलेलं असताना रोज आनखी टाकायचं कायले? तलाव भरून वाहून रायला तं वरून पानी कोन टाकते? बंद करते मानूस."

बाबांचं सारं आयुष्य पाण्यात गेलेलं. जास्त झालं का बंद, कमी झालं का सुरू. त्यांना हे इतकं सरळ दिसत होतं, आणि खरं सांगू? मलापण दिसलं. मी म्हणाली, "हो ना बाबा." मी! साऱ्या ग्रंथींची मालकीण!

माय आणखी ढिली पडली. जुलै आला. रोवणी लागली. पहिल्या दिवशी मायनं चिखलात पाय टाकले आणि दुपारपर्यंत तीन ओळी मागं पडली. ज्या बाया तिच्या मागं सरकायच्या त्या तिच्या पुढं निघून गेल्या. काकू वाईट नव्हती, पण ती टोळीवाली होती. म्हणाली, "तू यंदा बसून परहे काढ व. ओळ तुह्यानं रखडून रायली." परहे काढणं म्हणजे रोपं उपटून जुड्या बांधणं. म्हाताऱ्या बाया करतात ते. माय म्हणाली, "हाव." तेवढंच. घरी येऊन तिनं पाय धुतले आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. ऊन होतं अजून बाहेर. त्या वर्षी गाणं काकूनं उचललं. बाबा पाळीवरून घरी येऊन म्हणाले, "आज जेवनाची टाइम समजलीच नाई." 

आणि सर? बारावीची शाळा सुरू झाल्यापासून सर हजेरीत मला वेगळा प्रश्न विचारायचे. "पिट्युटरी, आवाज?" मी म्हणायची, "घोगराच आहे सर." "वेळ लागते," ते म्हणायचे. "पिनिअल?" असं पुढं. रोज. मला वाटायचं, सरांची सवय आहे.

ऑगस्टमध्ये एक दिवस त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "गोळी किती वाजता घेते माय?"

"घेत नाही सर. बाबांनी बंद केली. थायरॉइड वाढलेला आहे ना."

सरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी फळ्याखाली ठेवला.

"परवाच्या चाचणीत तू काय लिहिलं? थायरॉइडच्या प्रश्नात?"

मला पाठच होतं. मी एका दमात म्हणाली, "थायरॉइडचं हार्मोन कमी झालं का पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते सर, आणि हार्मोन पुरेसं झालं का टीएसएच कमी..."

"आनखी एकदा म्हन."

मी परत सुरू केली. "थायरॉइडचं हार्मोन कमी झालं का पिट्युटरी टीएसएच वाढव..." आणि तिथं माझी जीभ थांबली. रिपोर्टवर टीएसएच लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं होतं. बाण काढून, अधिक-वजा टाकून आकृतीपण काढली होती मी पेपरात.

"पाचपैकी पाच दिले होते मी तुले," सर एकदम हळू म्हणाले. "माह्या शिकवन्याले शून्य."

मग ते दरवाज्याकडं निघाले. "पिनिअल, वर्ग सांभाळ." पिनिअल दचकून जागा झाला. हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलले आणि मोपेडला किक मारली. मी सायकलनं मागं. तीन किलोमीटर मी अशी हाणली सायकल का अस्वलाच्या दिवशीपण तशी पळाली नव्हती.

बाबा पाळीवर तुडुमाजवळ बसले होते. पावसानं आठ दिवस दडी मारलेली, सगळ्यांना पाणी पाहिजे होतं, म्हणून ते दिवसभर तिथंच. सरांनी राम राम केला नाही, काही नाही. म्हणाले, "भाऊ, बूच बंद आहे ना?"

"हाव जी, बंद आहे. काऊन?"

"बंदच ठेवा. मी थ्या शेपटाच्या बांधीत जातो. मी कितीही बोंबललो तरी खोलू नका." आणि माझ्याकडं वळून, "आज तुह्यं काम मी करतो."

दोन बांध्यांमधल्या धुऱ्याधुऱ्यानं सर निघाले. पँट दुमडलेली, पांढरा शर्ट, वरची दोन बटनं उघडी. शेवटच्या बांधीत, जिथं भेगा पडायला लागल्या होत्या, तिथं जाऊन उभे राहिले. आणि तोंडाला हात लावून ओरडले, "पानी सोडाऽऽ!"

बाबा माझ्याकडं पाहून राहिले. "बरा आहे का तुहा मास्तर?"

"पानी सोडाऽऽऽ!" आवाज वाढला. बाजूच्या बांधीतले लोक पाहायला लागले. "अरे पानी सोडा नाऽऽऽऽ!" आता सर हात हलवून, उड्या मारून बोंबलून राहिले होते. बाबांचा हात दोनदा बुचाकडं गेला. सवयच ती. मी म्हणाली, "नाही बाबा, थांबा म्हटलं त्यांनी."

सर परत आले तेव्हा घामानं भिजलेले आणि घसा बसलेला. अगदी मायसारखा.

"सांगा भाऊ. काय वाढलं?"

"तुमची बोंब वाढली."

"आनि बांधीतलं पानी?"

"पानी कुठचं वाढते? बूच तं बंद आहे. बांधी कोरडी ठन पडली आहे."

"म्हनजे बोंब कवा वाढते?"

"आता हे काय इचारनं झालं? पानी कमी पडलं का वाढते. पोचलं का मानूस चूप होते."

"रिपोर्टमध्ये जो आकडा आहे ना भाऊ, टीएसएच, थो पानी नोहे," सर म्हणाले. "थो बोंब होय. डोक्यात इथं एक लाखोरीच्या दाण्याएवढी ग्रंथी बसली आहे. ते बोंबलून रायली, का गळ्यातून पानी येत नाही. बांधी वाळून रायली. गोळी म्हनजे थे पानी."

बाबा वळले. खाली बुचाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी पानी बंद केलं. ते बोंबलून रायली असताना." बुचावर हात ठेवून, "माह्या घरचीच बांधी होती मास्तर."

"तुमची चूक नोहे. 'बढ़ा हुआ है' म्हननाऱ्यानं काय वाढलं ते सांगितलंच नाही. आनि जिले सांगता येत होतं ते पाचपैकी पाच घेऊन चूप बसली." हे माझ्यासाठी होतं. बरोबरच होतं.

सर पाय धुवायला आमच्या विहिरीवर आले. मायनं चहा ठेवला. बाबांनी फळीवरची पट्टी काढून सरांसमोर ठेवली, जशी काही चोरी कबूल करून राहिले. सर म्हणाले, "उद्या दोघंही डाक्टरकडं जा. बंद केली होती ते खरं सांगा. किती घ्यायची ते थे सांगतीन, मी नाही. पन सकाळी उठल्यावर साध्या पान्यासोबत, आनि चहा पाऊन-एक तासानं."

मायला बाकी सगळं चाललं, चहाचं नाही. "तवापर्यंत का करू जी मी? भिंतीकडं पाहू?"

"आंगन झाडा."

"आनि किती दिवस घ्याची?"

"बहुतेक जिंदगीभर. पन डाक्टर सांगतीन. तलाव आटला तं पानी बाहेरून आनावं लागते ताई. रोज पिते मानूस पानी, कंटाळते का?"

बाबांनी विचारलं, "मास्तर, तुमाले हे गळ्याचं येड कायले लागलं?"

सर पाय पुसून राहिले होते. "माह्यी मोठी बहीण. जन्मापासूनच थायरॉइड कमी होता तिचा, कोनाले समजलं नाही. वाढलीच नाही ते, बोलनंपन नीट आलं नाही. गाव तिले ठोंबी म्हने. मीपन म्हनत होतो, लहान असताना." टॉवेल त्यांनी दोरीवर नीट वाळत घातला, दोन्ही टोकं बरोबर करून. "कॉलेजात हा धडा वाचला तवा समजलं. वेळेवर दिली असती तं एक गोळी होती. रोजची एक गोळी." मग चहा घेतला, माझ्या आजीच्या गळ्याकडं पाहिलं, "आजी, एक घोट घ्या," म्हणाले, आणि तपासून निघून गेले.

एका रात्रीत काही झालं नाही. सिनेमा नोहे. डॉक्टरांनी परत तपासलं, गोळीचं प्रमाण दोनदा बदललं. दिवाळीपर्यंत सूज उतरली. डिसेंबरमध्ये मायनं स्वेटर घातला, पण तेव्हा आम्ही सगळ्यांनीच घातला होता. सर रोज विचारायचे, "पिट्युटरी, आवाज?" आणि एक दिवस मी म्हणाली, "सर, काल मी दुधाचं गंज उघडं ठेवलं तर मायचं ओरडणं चौकापर्यंत ऐकू गेलं." सगळा वर्ग हसला. सरांनी वहीत काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही.

त्याच्यानंतर दरवर्षी त्या धड्याला सर बाबांना वर्गात बोलावतात. दुसरी शिकलेले माझे बाबा, धुतलेलं धोतर नेसून, बारावीच्या विज्ञानाच्या वर्गात उभे राहतात आणि सांगतात, "मी थायरॉइड होय." एक पोरगं मागून बोंबलते, बाबा पाणी सोडायचं का नाही ते ठरवतात. गावात कोणी विचारलं आज कुठं चालले, तर म्हणतात, "शाळेत. लेक्चर आहे."

मी आता गोंदियात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट. कोणाचा टीएसएच वाढलेला निघाला का माझ्या काउंटरवरून 'बढ़ा हुआ है' एवढं एकच वाक्य बाहेर जात नाही. मी सांगते, "काका, बोंब वाढली आहे, पानी कमी पडून रायलं असन. डॉक्टरला दाखवा, आणि मनानं गोळी बंद करू नका." सोबतचे हसतात. माझं लक्ष समोरच्याच्या गळ्याकडं असते. मला कळतपण नाही कधी गेलं ते.

पण मला खरं सांगायचं होतं ते पुढच्या वर्षीच्या रोवणीचं. माझा बारावीचा निकाल लागला होता, सर पेढे खायला म्हणून आले आणि बाबांसोबत पाळीवर जाऊन बसले. मीपण. त्या वर्षीपण पाऊस दोन-चार दिवस थांबला होता. खाली शेपटाच्या बांधीत बायांची ओळ लागली होती. लाल-हिरवी लुगडी, वाकलेल्या पाठी, इतक्या दुरून कोण कोणती ते समजत नव्हतं. माय सकाळी काहीच न सांगता निघून गेली होती. काकूनं तिला कुठं उभं केलं, ओळीत का परह्यांजवळ, आम्हाला माहीत नव्हतं. बाबा दोनदा उठून कपाळावर हात ठेवून पाहून आले. विचारायची हिंमत कोणाचीच नव्हती.

तेवढ्यात खालून आवाज आला. धान, धुरे, सारं ओलांडून, सरळ, खणखणीत.

"पानी सोडा जीऽऽऽऽ!"

ओळीच्या कडेची बाई सरळ उभी झाली होती, तोंडाला हात लावून.

बाबांनी सरांकडं पाहिलं. मिशीत हसले. "आयका सर," म्हणाले, "टीएसएच वाढला." आणि उठून त्यांनी बूच ओढलं.

पाणी पाटात पडलं, वळलं, एकेका बांधीत शिरत खाली गेलं. मधून दोनदा अजून हाक आली. सर मान पुढं करून ऐकून राहिले होते, एक हात स्वतःच्या उघड्या गळ्यावर. मग हाक थांबली.

पोचलं होतं पाणी. आणि थोड्या वेळानं, कडेवरून, गाणं सुरू झालं.